दुसऱ्याच्या दुखण्याचा अर्थ

गेल्या पावसाळ्यात मावशी दवाखान्यात होती. खाटेच्या एका अंगाला तिच्या प्रार्थनागटातल्या एक बाई, दुसऱ्या अंगाला माझा मामेभाऊ. बाईंनी बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायावर बोट ठेवलं : ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले.’ ‘प्राप्त झाले’ म्हणजे देणाऱ्यानं कधीच देऊन टाकलंय, आता ते हाती लागत नसेल तर घेणाऱ्याचा विश्वास कमी पडतोय, असा त्यांचा हिशेब. मामेभाऊ देवधर्म न मानणारा. तो उसळला. ‘दुखणं दागिन्यासारखं मिरवायला तुमच्याच धर्मानं शिकवलं. काट्यांचा मुगुट काय, क्रूस काय, दोन हजार वर्षं वेदनेची आरती चाललीय.’ मावशीनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि पंखा जरा कमी करा म्हणाली.

प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या चंगाई सभांवरून आपल्याकडे वाद पेटतो तेव्हा तो याच दोन टोकांवर अडकतो. एक म्हणतो, पहिल्या ख्रिस्ती मंडळीत आजारी माणसं बरी होत होती, आज होत नसतील तर आपलं काही चुकतंय. दुसरा म्हणतो, पहिल्या मंडळीपासूनच हा धर्म वेदनेवर पोसलेला आहे. साक्षीला दोघंही पहिल्या काही शतकांनाच बोलावतात, पण त्या शतकांतल्या माणसांनी काय लिहून ठेवलंय ते वाचायची तसदी सहसा कुणी घेत नाही. मी हौशी वाचक आहे, पंडित नाही. तरी जे वाचलं त्यावरून माझं मत असं बनलं आहे : शरीराच्या दुखण्याबद्दल पवित्र शास्त्रात एकच शिकवण आहे असं त्या आद्य लेखकांना कधीच वाटलं नाही. ते एका वचनाला दुसऱ्या वचनासमोर उभं करत. आणि त्यांच्यातले जे खोल विचार करणारे होते, त्यांनी बहुधा एक मर्यादा पाळली. दुखण्याचा अर्थ ज्याचं त्यानं लावावा. शेजारच्यानं तो लावू नये, शेजारच्यानं पाणी आणून द्यावं. हा नियम त्यांनी कुठं सूत्रासारखा मांडलेला नाही, त्यांच्या लिखाणातून मी काढलेला हा निष्कर्ष आहे. तो मोडल्याचीही उदाहरणं आहेत आणि ती मोठ्या नावांची आहेत. त्यांच्याकडे येतोच.

आधी चंगाईवाल्यांची बाजू, कारण ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. याकोबाच्या पत्रात साफ लिहिलंय की कुणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या वडिलांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या फ्रान्समधल्या लियोंचा बिशप इरेनियस सांगतो की आमच्यातले लोक हात ठेवून आजाऱ्यांना बरं करतात. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याचा प्रवास तर त्याहून बोलका आहे. तरुणपणी त्याचं मत होतं की प्रेषितांच्या काळातले चमत्कार आता होत नाहीत. म्हातारपणी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात त्यानं स्वतः पाहिलेल्या आणि खात्रीनं ऐकलेल्या बऱ्या होण्याच्या घटनांची लांबलचक यादीच दिली. म्हणजे आरोग्यदान ही नंतर कुणीतरी घुसडलेली गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्यानं पुरावा पाहिलेला नाही.

पण इथून ‘बरा झाला नाही, म्हणजे विश्वास नव्हता’ ही उडी कुणी मारली? सन 387 मध्ये सिरियातल्या अंत्युखियात योहान क्रिसोस्टोम या नामांकित प्रवचनकारानं एक प्रवचन केलं. विषय वरवर पाहता क्षुल्लक होता : प्रेषित पौल आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो की नुसतं पाणी पीत राहू नकोस, ‘आपल्या पोटासाठी व आपल्या वारंवार होणाऱ्या दुखण्यांमुळे थोडा द्राक्षारस घे.’ क्रिसोस्टोम या ओळीला धरून बसतो. ज्या पौलानं मेलेले उठवले, ज्याच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर टाकले तरी ती बरी होत, त्याला आपल्या लाडक्या शिष्याचं पोट बरं करता येऊ नये? आणि तीमथ्य काय अविश्वासी होता? मग तो नीतिमान माणसं आजारी का पडतात याची एकामागून एक आठ कारणं देतो. त्यांना गर्व होऊ नये. लोकांनी त्यांना देव समजू नये. त्यांचं धैर्य दिसावं. आपल्यासारख्यांना त्यांचं अनुकरण आवाक्यातलं वाटावं. ‘विश्वास कमी होता’ हे कारण त्या आठांत नाही. पौलानं आपला सोबती त्रफिम याला आजारी म्हणून मिलेतात मागं ठेवलं, हेही तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नोंदलेलं आहे. तिथं पौलाचा स्वतःचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची तयारी आहे?

यशयाच्या त्या वचनाचीच गोष्ट घ्या. हिब्रू मूळ म्हणतं, त्यानं आमचे व्याधी आपल्यावर घेतले. ख्रिस्तापूर्वी यहुदी विद्वानांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात त्या जागी ‘पापे’ आलं. मत्तय हे वचन आजार बरे करण्याच्या प्रसंगी उद्धृत करतो आणि ‘रोग’ असाच शब्द ठेवतो. पेत्राच्या पत्रात तोच अध्याय पापांबद्दल वापरला आहे. म्हणजे नव्या करारातच या अध्यायाचे दोन वापर आहेत. मत्तयावर प्रवचन करताना क्रिसोस्टोमच्या हे लक्षात आलं. त्याच्या मते संदेष्टा मुख्यतः पापांबद्दल बोलत होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर आपले बहुतेक आजार आत्म्याच्या पापातून उद्भवतात, असंही तो तिथं म्हणून जातो, आणि ते वाक्य प्रार्थनागटातल्या बाईंच्या बाजूनं जातं. पण मानवजातीबद्दल ढोबळपणे बोलणं निराळं आणि समोर पडलेल्या तीमथ्याबद्दल बोलणं निराळं. तीमथ्याकडे वळला की त्याचा सूर बदलतो.

आता तो प्रसिद्ध काटा. करिंथकरांना लिहिताना पौल सांगतो की आपल्याला गर्व होऊ नये म्हणून ‘शरीरात एक काटा’ देण्यात आला, सैतानाचा एक दूत. तीनदा विनवणी केली की हा दूर व्हावा. उत्तर आलं : ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा नेमका कसला, हे पौलानं लिहिलं नाही आणि तिथून गंमत सुरू झाली. कार्थेजचा लेखक टर्टुलियन सांगतो की लोकांच्या म्हणण्याप्रमाणे तो कानाचा किंवा डोक्याचा ठणका होता. डोकेदुखीची ही परंपरा बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमलाही ठाऊक आहे. क्रिसोस्टोमला ती मुळीच पटत नाही. पौलाचं शरीर सैतानाच्या हवाली कसं होईल, म्हणून तो काटा म्हणजे पौलाचे विरोधक, तांब्याचं काम करणारा आलेक्सांद्र आणि त्याच्यासारखे, असा अर्थ लावतो. लॅटिन भाषांतरात काट्याच्या जागी जो शब्द आला त्याचा अर्थ जनावर हाकायची टोचणी, आपली पराणी. ‘देहाची पराणी’ असं वाचल्यावर पुढच्या काळातल्या मठवासी वाचकांना त्यात कामवासना दिसली, यात नवल ते काय! ज्याच्या पायात जो काटा रुतला, तोच त्याला पौलाच्या अंगात दिसला. या चर्चेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रार्थना करूनही काटा निघाला नाही, ही गोष्ट यांच्यातल्या कुणीच लपवलेली नाही. चंगाईच्या व्यासपीठावर ‘साक्ष’ द्यायला पौल आला असता तर त्याला माईक मिळाला असता का?

पाप आणि दुखणं यांचा हिशेब मांडण्याची ओढ माणसाला सगळीकडेच असते. येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट करून विचारलं, ‘गुरुजी, कोणी पाप केले? ह्याने की ह्याच्या आईबापांनी?’ जन्मायच्या आधी त्यानं पाप केलं कधी, हा प्रश्न मराठी वाचकाला पडत नाही, कारण आपल्याकडे संचित नावाचं खातं आधीपासून उघडलेलं असतं. गंमत अशी की तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान, आलेक्झांड्रियाचा ओरिजेन, यालाही तेच सुचलं. कुणी धडधाकट जन्मतो, कुणी लुळापांगळा, कुणी राजाच्या पोटी, कुणी गुलामाच्या. देव न्यायी असेल तर हे कसं? आत्मे शरीराआधीच अस्तित्वात होते आणि तिथल्या त्यांच्या वागण्याप्रमाणे त्यांना ही स्थिती मिळाली, असा तर्क त्यानं मांडला. तर्क म्हणून तो बिनतोड आहे, आणि नेमका म्हणूनच धोक्याचा. त्यात आंधळ्याचं आंधळेपण पुराव्यासारखं वापरता येतं. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या काळात मंडळीनं हे मत अधिकृतपणे नाकारलं. नाकारण्याची कारणं बरीच वेगळी आणि गुंतागुंतीची होती, राजकारणही होतं. पण परिणाम असा झाला की येशूचं ‘ह्यानेही नाही, ह्याच्या आईबापांनीही नाही’ हे उत्तर मागच्या दारानं रद्द होण्यापासून वाचलं.

आता मामेभावाकडे. त्याच्या आरोपातही तथ्य आहे, आणि ते मी माझ्याच घरातल्या मंडळींपेक्षा मोकळेपणानं कबूल करतो. अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस रोमला श्वापदांपुढं टाकला जायला निघालेला असताना रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की मला वाचवायला येऊ नका, मी देवाचा गहू आहे, श्वापदांच्या दातांनी दळला जाऊ द्या. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. सन 384 मध्ये रोममध्ये ब्लेसिला नावाची विशीतली विधवा वारली. जेरोमच्या सांगण्यावरून तिनं कडक उपास आणि देहदंड आरंभला होता. अंत्ययात्रेत लोक म्हणाले, पोरीला उपासांनी मारलं, या संन्याशांना शहराबाहेर हाकला. हे लोकांचे बोल आपल्याला कळतात, कारण खुद्द जेरोमनंच तिच्या आईला लिहिलेल्या पत्रात ते नोंदवलेत. त्याच पत्रात तो त्या आईला तिच्या अति शोकाबद्दल दटावतोही. ते पत्र वाचून मला जेरोमचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पण हा आरोप दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधतो. छळाला सामोरं जाणं वेगळं, आणि आजारपण वेगळं. तिसऱ्या शतकाच्या आरंभी, सन 203 मध्ये, कार्थेजच्या तुरुंगात फेलिसिटास नावाची गुलाम बाई बाळंत झाली. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, कळा असह्य. पहारेकरी म्हणाला, आत्ताच एवढी विव्हळतेस, मग श्वापदांपुढं काय करशील? तिनं दिलेलं उत्तर तिच्याबरोबरच्या हुतात्म्यांच्या वृत्तांतात आहे : आत्ता जे सोसतेय ते मीच सोसतेय, तिथं माझ्यासाठी सोसणारा दुसरा कुणी माझ्यात असेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसत असेन. रिंगणातल्या मरणाला तिनं अर्थ दिला, प्रसूतीच्या कळांना दिला नाही. त्या नुसत्या कळा होत्या आणि त्या तिला लागत होत्या. हा फरक एका गुलाम बाईला कळला, अठराशे वर्षांनी आपण तो पुसून टाकतो आहोत.

अडीचशेच्या सुमारास साथ आली तेव्हा कार्थेजच्या ख्रिस्ती लोकांचा प्रश्न वेगळाच होता : आम्ही विश्वासी, मग हा रोग मूर्तिपूजकांसारखा आम्हालाही का? बिशप सिप्रियनचं उत्तर रोखठोक आहे. शहर शत्रूच्या हाती पडलं की कैद सगळ्यांनाच, पाऊस दडी मारतो तेव्हा दुष्काळ सगळ्यांनाच, गलबत खडकावर आपटलं की बुडतात सगळेच. डोळे येणं, ताप, हातपाय गळणं हे देह आहे तोवर सगळ्यांचं. विश्वासाचं कवच रोगाला लागू पडत नाही, हे इतक्या साध्या शब्दांत सांगणारा माणूस तिसऱ्या शतकातला आहे! याच पुस्तिकेत पुढं तो मरणाला सुटका म्हणून इतकं रंगवतो की मला अवघडल्यासारखं होतं. मात्र त्याचा चरित्रकार पाँटियस सांगतो की साथीत त्यानं आपल्या लोकांना सेवेला लावलं, आणि ती सेवा फक्त आपल्या लोकांपुरती ठेवली नाही.

वेदनेची आरती करणाऱ्यांनी इस्पितळं का बांधली असती? कैसरियाचा बासिल चौथ्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहितो. त्यात प्रश्न येतो, वैद्याकडे जाणं भक्तीला धरून आहे का? उत्तरात तो शेतीचं उदाहरण देतो. एदेन बागेत नांगर नव्हता, माग नव्हता. भूक आणि थंडी आली तेव्हा देवानं शेती आणि विणकाम दिलं, तसंच रोग आले तेव्हा वैद्यक दिलं. काही आजार सुधारणेसाठी असतात, असंही तो म्हणतो, सगळी आशा वैद्यावरच ठेवू नका असंही बजावतो. पण शहराबाहेर त्यानं आजारी, परदेशी आणि महारोग्यांसाठी जी वसाहत उभारली तिला त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी ‘नवं शहर’ म्हणतो, आणि बासिल स्वतः महारोग्यांना मिठीत घेई असं सांगतो. त्या काळात सगळे असे नव्हते हेही खरं. दुसऱ्या शतकातल्या टेशियनला औषधांचाच संशय होता. पण त्याला पुढं इरेनियसनं पाखंड्यांत जमा केलं. शत्रूची साक्षही आहे. जुन्या देवांचं पुनरुज्जीवन करू पाहणारा बादशहा ज्युलियन 362 च्या सुमारास आपल्या पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, मग आपण धर्मशाळा का काढू नयेत?

महारोग्यांबद्दलच्या ग्रेगरीच्या भाषणात मला माझ्या म्हणण्याचा सर्वांत जवळचा पुरावा सापडला. लोक म्हणत, हा रोग देवाचाच दंड. ग्रेगरी म्हणतो, कोण पापामुळे दंड भोगतोय आणि कोण सद्गुणासाठी पारखला जातोय, हे तुला काय माहीत? तुला कळणार नाही, तोवर हात पुढे कर. रोगाला काही अर्थच नाही असं तो म्हणत नाही. तो अर्थ वाचायचा अधिकार पाहणाऱ्याचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. महारोग म्हणजे गेल्या जन्मीचं पाप, असं कालपरवापर्यंत म्हणणाऱ्या आपल्या समाजात हे भाषण शाळेत लावायला हरकत नव्हती.

आणि ऑगस्टीन? तो माझ्या मताला सर्वांत मोठा छेद देतो. सन 397 च्या सुमारास तो मित्राला लिहितो की आत्म्यानं ठीक आहे, शरीरानं अंथरुणाला खिळलोय, गुदद्वाराशी सूज आणि वेदना आहे, चालता, उभं राहता, बसता येत नाही, तरी प्रभूला हे बरं वाटतंय तर ‘ठीक आहे’ याखेरीज काय म्हणू? स्वतःच्या दुखण्याचा स्वतः लावलेला अर्थ. यावर हरकत घेणारे आपण कोण? पण हाच माणूस पुढं, आदामाचं पाप सगळ्यांत उतरतं हे न मानणाऱ्या पेलेजियसच्या अनुयायांशी वाद घालताना तान्ह्या बाळांच्या वेदना पुराव्यादाखल मांडतो : ही विव्हळतात, म्हणजे यांच्यातही आदामाचा दोष असलाच पाहिजे, नाहीतर देव अन्यायी ठरेल. सन 415 मध्ये जेरोमला लिहिताना बाळांच्या दुखण्यापुढं आपली मती कुंठित होते अशी कबुली त्यानं दिली होती. पुढं वादाच्या भरात ती कुंठितता नाहीशी झाली. तिथं मी ऑगस्टीनबरोबर जात नाही. तर्काची साखळी पुरी करण्यासाठी पाळण्यातल्या पोराचं रडणं वापरलं, की ओरिजेनचं नाकारलेलं खातं दुसऱ्या नावानं पुन्हा उघडलं, असं मला वाटतं.

पोप ग्रेगरीनं सहाव्या शतकाच्या अखेरीस, नीतिमान असूनही सगळं गमावून रोगानं ग्रासलेल्या ईयोबाच्या पुस्तकावर पस्तीस भागांचं भाष्य लिहिलं. सोबतच्या पत्रात तो सांगतो की वर्षानुवर्षं आतड्यांच्या दुखण्यानं, अशक्त पोटानं, सतत रेंगाळणाऱ्या तापानं बेजार आहे. कदाचित देवाचीच योजना असेल की घाव सोसलेल्या ईयोबाचा अर्थ घाव सोसलेल्यानंच सांगावा. त्या भाष्यात ‘हे तुझ्याच पापाचं फळ’ असं ईयोबाला ऐकवणारे त्याचे मित्र कुणाचं प्रतीक आहेत? पाखंड्यांचं. ते खोटं बोलतात म्हणून नव्हे. त्यांची कित्येक वाक्यं खरी आहेत हे ग्रेगरी मान्य करतो, त्यांच्यातल्या अलीफजचं एक वाक्य तर पौलानंही उद्धृत केलंय. ती वाक्यं चुकीच्या माणसाच्या तोंडावर फेकली गेली, हा त्यांचा दोष. अलीफजनं दवाखान्यात यशयावर बोट ठेवलं असतं तर तेही वाक्य खरंच असतं.

क्रिसोस्टोमकडे पुन्हा एकदा यायला हवं. तरुणपणी अंत्युखियाजवळच्या डोंगरात त्यानं इतकं कडक तप केलं की पोट आणि मूत्रपिंडं कायमची बिघडली. पुढं तो राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, आणि सन 404 मध्ये तिथून हद्दपार करून त्याला आर्मेनियातल्या कुकुसस नावाच्या आडगावी पाठवलं. तिथली थंडी त्याला सोसेना. राजधानीत मागं राहिलेली त्याची जिवलग सहकारी ऑलिंपियासही आजारी होती. तिला लिहिलेल्या पत्रात तो ईयोबाचं उदाहरण देतो. गुरंढोरं गेली, मुलं गेली, तरी सगळ्यांत कठीण परीक्षा शरीराच्या रोगाचीच होती, म्हणून तू जे सोसतेस ते लहान समजू नकोस. एवढं झाल्यावर तो तिला विनवतो की प्रकृतीची काळजी घे, चांगले वैद्य गाठ, औषधं घे. सिंक्लेशन बाईंनी पाठवलेलं ते औषध आठवतं ना? मला ते तीन दिवसांपेक्षा जास्त घ्यावंच लागलं नाही, तेवढ्यात गुण आला. तूही घेऊन बघ. आणि जमलं तर आणखी थोडं इकडे पाठवून दे.